चार आटे

आइंडहोवन,
गुरुवार, १६ जुलै २०१५

चि. सौ. अश्लेषा हिस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला इतका उशीर केला, त्याबद्दल आधी माफ कर. तुझं पाकीट पंचवीस जूनला मिळालं. तीन आठवडे झाले. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा कागद फाडला. शाळा सातवीत सुटली, पत्रं लिहायची सवय नाही, हे एक कारण. खरं कारण ते नाही, पण त्याच्याकडे येतो.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा सकाळी धरतो, दहापर्यंत सुटतो. या महिन्याच्या सुरुवातीला फार उकडलं, या घरात पंखा नाही, ओला टॉवेल मानेवर घेऊन बसलो होतो. आता पुन्हा स्वेटर. अंबरीशचं गळ्याजवळचं हाड जुळत आलं आहे. मनगटाचं प्लास्टर पुढच्या आठवड्यात काढतील. बरगड्या अजून दुखतात, म्हणून त्याला हसवू नका असं त्याचा मित्र विनय सगळ्यांना बजावतो आणि स्वतःच येऊन हसवून जातो. स्वयंपाक मी करतो. सामान आणायला अल्बर्ट हाइनमध्ये आता एकटा जातो. मेथी मिळत नाही, पालकावर भागवतो.

मिरजेला तुझ्या सासूबाईंना आम्ही सांगितलं आहे की अंबरीश सायकलवरून पडला. तिला पटलं. तिचा फोन आला तर तूही तेच सांग. तिचं ब्लडप्रेशर तुला माहीत आहे.

आर्याने पाठवलेलं चित्र फ्रिजवर लावलं आहे. गाडीचे दिवे तिने डोळ्यांसारखे काढलेत, पापण्यांसकट. अंबरीश पाण्याची बाटली काढायला जातो आणि तिथेच उभा राहतो. फ्रिजचं दार उघडं राहतं, मग मी ओरडतो.

तू लिहिलं होतंस, “बाबा, तुम्ही तिथे होतात. नक्की काय झालं ते मला लिहा.” मी लिहिलं नाही. मग गेल्या आठवड्यात तुझ्याकडून, तुमच्या वेगळं होण्यातल्या त्या मध्यस्थ बाईंचा कागद आला. डच भाषेत होता. अंबरीशने वाचून घडी घातली. मी विनयला बाजूला घेऊन वाचून घेतला. त्यात अंबरीशबद्दल बेजबाबदार असा शब्द आहे, आणि आर्या यापुढे त्याच्याकडे राहायला येऊ नये, असं तुझं म्हणणं आहे. चोवीस तारखेच्या बैठकीत ते ठरणार. तेव्हापासून झोप नाही.

मे महिन्यात तू आर्याला सोडायला इथल्या स्टेशनवर आली होतीस. आर्या पुढे पळाली आणि तू मला म्हणालीस, “बाबा, माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. ती गाडी विकायला लावा.” मी म्हणालो, “महिन्याभरात विकायला लावतो, काळजी करू नकोस.” तुला शब्द दिला आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्याबरोबर गाडीच्या शेडवर गेलो. नुसतं बघायला म्हणून.

गाडी अर्धी उघडी होती. ती निळी टर्बो गाडी, जिच्यातून तुम्ही आर्याला शाळेत सोडायचात. आतले गालिचे, मागची सीट, पत्र्यामागचे जाड कागद, सगळं काढून भिंतीला लावलेलं. चारशे मीटर सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, जी आधी पोहोचेल ती जिंकली. एवढ्यासाठी हा माणूस स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक बोल्ट वजन करत होता. मी म्हटलं, “किलोभर कमी करायचं तर पोट कमी कर की.” तो हसला. किती वर्षांनी माझ्या बोलण्यावर हसला असेल, मला आठवेना.

तुला ठाऊक नसेल, मिरजेच्या गॅरेजात मी त्याला कधी पान्याला हात लावू दिला नाही. लावला की फटका. हात काळे करायला तुला शिकवत नाही, असं म्हणायचो. तो शिकला, इंजिनियर झाला, चिप बनवायच्या यंत्रांवर काम करायला इथे आला. आणि अडतिसाव्या वर्षी भाड्याच्या शेडमध्ये हात काळे करत बसला होता. मला म्हणाला, “बाबा, हा नट सुटत नाहीये, कसा सोडवू?” मग मी कोट काढला. गाडी विकायचं बोलायला माझं तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर उघडायची इच्छाच झाली नाही.

तो कसं काम करतो तेही लिहितो, कारण तू ते पाहिलेलं नाहीस. ड्रायव्हरभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा लागतो. नियमात होत्या त्यापेक्षा जाड नळ्या त्याने घेतल्या. वजन वाढलं तरी घेतल्या. आर्याची खुर्ची अडकवायचे दोन हूक मागे होते. मी म्हटलं, “हे कापू का?” तर म्हणाला, “सहाशे ग्रॅमच आहेत. राहू देत.”

एकतीस मेला आम्ही उत्तरेकडे एका छोट्या विमानतळावर गेलो. रविवारी तिथे हौशी लोकांच्या शर्यती लावतात. दिवा हिरवा झाला आणि गाडी माझ्यासमोरून गेली. मी मनात मोजत होतो, तेरावर संपलं. टोकाला ताशी एकशे सत्तर. विनय नाचत होता. मी तारेच्या कुंपणाला धरून उभा होतो. स्टेशनवर तुला दिलेला शब्द तेव्हा आठवला.

आता जे तीनदा फाडलं ते लिहितो.

माझ्या गॅरेजात ट्रकवाले यायचे. ड्रायव्हर नवा असला, तापट असला, की मालक मला हळूच सांगून जायचा, “मिस्त्री, जरा दाबून ठेवा.” मी डिझेल पंपाचा स्क्रू दोन आटे मागे घ्यायचो. ट्रक पळायचाच नाही. ड्रायव्हरला पत्ता नसायचा. वर्षभराने तो निवळला की पुन्हा दोन आटे पुढे. मग तो खूश होऊन सांगायचा, “मिस्त्री, आज गाडीला पंख फुटलेत.” चाळीस वर्षं मी हे केलं. कुणाला काही झालं नाही. किती पोरं त्यामुळे घरी परत गेली असतील, असं मी स्वतःशीच म्हणायचो.

टर्बो म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा. हवा फार झाली तर सोडून द्यायला एक झडप असते, आणि त्या झडपेला करंगळीएवढी दांडी. दांडी लांब केली की झडप लवकर उघडते, दाब कमी राहतो. जूनच्या दोन तारखेला अंबरीश ऑफिसात होता. मी बसने शेडवर गेलो, दहाचा पाना घेतला आणि ती दांडी चार आटे लांब केली. त्याला सांगितलं नाही.

सात जूनला पुन्हा शर्यत. साठीच्या पुढची एक डच बाई जुन्या स्टेशन वॅगनमधून आली होती, मागच्या काचेत कुत्र्याचं पांघरूण. ती त्याच्या कितीतरी आधी पोहोचली. विनय ओरडला, “अंबऱ्या, आजी गेल्या पुढे! हॉर्न तरी द्यायचास!” सगळे हसले, अंबरीशही हसला. मला इतकं बरं वाटलं की मी सगळ्यांना चहा पाजला.

पुढचे चार दिवस ऑफिसातून तो सरळ शेडवर. “बाबा, प्रेशर येत नाहीये. कुठेतरी लीक आहे.” प्रत्येक पाइपवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे शोधत होता. बाटली मी धरली होती. अश्लेषा, तो गाडीखाली आडवा आणि मी त्याच्या हातात साबणाचं पाणी देतो आहे, आणि लीक कुठेही नाही हे मला माहीत आहे. “माझंच काहीतरी चुकलंय,” असं तो पुटपुटायचा. मी म्हणायचो, “शोध, सापडेल.”

मग तो म्हणाला, “जाऊ दे, सॉफ्टवेअरमधून वाढवतो.” लॅपटॉप लावून काहीतरी केलं. मला लॅपटॉप म्हणजे मीटर वाटायचा, आकडे दाखवणारा. तो झडपेला हुकूमही देतो, हे मला कळलं नाही. विचारायला हवं होतं. विचारलं तर माझं उघडं पडेल म्हणून गप्प राहिलो.

एकवीस जूनला सकाळी विमानतळावर त्याने बॉनेट उघडलं आणि म्हणाला, “बाबा, शेवटचा हात तुमचा. तुम्ही बघितल्याशिवाय मी बसत नाही.” आणि हेल्मेट तपासून घ्यायला गेला. मला माझी लाज वाटली. ज्या पोराला मी पाना धरू दिला नाही, तो इंजिन माझ्या भरवशावर सोडून गेला होता. मी खिशातला पाना काढला आणि चारही आटे होते तिथे आणून ठेवले. आज याला पंख फुटतील, असं मनात म्हणालो.

त्याने लॅपटॉपमधून वाढवलेला दाब आणि मी परत दिलेला दाब, दोन्ही एकावर एक बसले. तीनशे मीटरला फाटकन आवाज आला, इंजिन फुटलं. पांढरा धूर, मागच्या चाकांखाली तेल. गाडी फिरली, टायरच्या भिंतीवर आडवी आदळली. त्या जाड नळ्या होत्या म्हणून मी तुला हे पत्र लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दवाखान्यातून त्याने तुला फोन केला तेव्हा मी शेजारी बसलो होतो. “माझी चूक झाली, मी जास्त हाव केली,” असं तो तुला म्हणाला. मला वाटलं, त्याला खरंच तसं वाटतं. मी तिथेच बोलायला हवं होतं. मी त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट करत बसलो.

गेल्या रविवारी त्याची नखं कापत होतो. म्हटलं, “अंबरीश, तुला एक सांगायचं आहे. ती दांडी…”

“माहीत आहे, बाबा.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या दिवसापासून. विनयने लॅपटॉप आणला ना, त्यात सगळं नोंदलेलं असतं. प्रेशर किती, केव्हा. आणि नटावर पान्याच्या ताज्या खुणा होत्या, त्याने फोटो काढून दाखवला.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तुम्ही पुन्हा पान्याला हात लावला नसता.”

मी म्हटलं, अश्लेषाला कळायला हवं, तिथे तुला बेजबाबदार म्हणताहेत. तर म्हणाला, “तिला काही लिहू नका. आजोबांनी केलं असं कळलं तर ती आर्याला तुमच्याजवळसुद्धा सोडणार नाही. तुमचे दिवस किती राहिलेत इथे? माझं मी बघतो.” एक हात प्लास्टरमध्ये, दुसरा माझ्या हातात, आणि हा माझं बघत होता.

त्याचं न ऐकता लिहितो आहे. तो आता डॉक्टरकडे गेला आहे, परत यायच्या आत पाकीट पेटीत टाकायचं आहे. विनयकडून पत्ता लिहून घेतला आहे. लायडस्खेनडाम-फोरबर्ग हे तुझ्या गावाचं नाव मला एका ओळीत बसवता आलं नसतं.

गाडी सोमवारी भंगारवाला घेऊन गेला. अंबरीश शेडच्या दारापर्यंतही आला नाही.

माझा व्हिसा संपत आला. एकोणतीस तारखेचं विमान आहे. तू आर्याला मला भेटू दिलं नाहीस तर मी तक्रार करणार नाही. फोनवरसुद्धा नको वाटलं तर नको. मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना न विचारता हात लावला, त्याची भरपाई माझ्याकडून घे. पण त्याचे शनिवार-रविवार काढून घेऊ नकोस. तुमचं दोघांचं पुढे काय व्हायचं ते तुम्ही ठरवा, त्यात मी बोलणार नाही. पोरीला बाप असू दे, एवढंच.

हे पत्र त्या बाईंना दाखव. इंग्रजीत किंवा डचमध्ये करून दे, काही गाळू नकोस. विश्वास बसला नाही तर विनयकडे ते नोंदलेले आकडे आहेत. मला बोलावलं तर मी येईन. दुभाषा लागेल, पण खोटं बोलणार नाही.

बैठक पुढच्या शुक्रवारी. हे पत्र तुला उद्या-परवा मिळेल. मिळताच दोन ओळी लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल, शिव्या घातल्यास तरी चालेल, फक्त गप्प राहू नकोस. मी रोज अकरा वाजता खाली जाऊन पेटी बघतो. पोस्टाची बाई मला आता ओळखायला लागली आहे, लांबूनच मान हलवते. आज काही नाही म्हणून. तिने एकदा तरी हात वर करावा, असं उत्तर चोवीस तारखेच्या आत पाठव.

आर्याचा आजोबा, आणि तू अजून म्हणत असशील तर तुझा बाबा,
बाळासाहेब