डोळ्यांची आखणी

नानाकाका,

भांडुपच्या तुमच्या गणपती कारखान्यात मी दहा वर्षं मूर्ती घासल्या, रंगवल्या. पण डोळे आखायची वेळ आली की तुम्ही म्हणायचात, "चेडवा, डोळ्यांक हात लावू नको."

आर्ट कॉलेजात पहिल्या वर्षी मी काढलेल्या प्रत्येक माणसाला गणपतीचेच डोळे यायचे. अख्खा वर्ग हसायचा.

काल शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनात तुमचं पोर्ट्रेट लावलं. आखणी करताना बारीक होणारे तुमचे डोळे बघून सरांनी विचारलं, "हे कुठे शिकलीस?"

म्हटलं, "काकांच्या पाठीमागे उभी राहून."

पहिलं बक्षीस माझं, नाना! हे पत्र मात्र पोस्टात टाकणार नाही. चतुर्थीआधी येईन आणि न विचारता डोळ्यांचा ब्रश उचलीन. बघू कोण अडवतं.

तुमचंच चेडू,
श्रुतिका