काळ्या मातीचं वजन

बाबा, तुमचा प्रश्न अजून माझ्याकडेच आहे. चिखलदऱ्याचा घाट उतरताना, मोटारीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून तुम्ही विचारलं होतं, "माह्यं काय चुकलं वं, माय?" मी म्हटलं, "तुमचं काई नाई चुकलं. थंडीचं चुकलं." परतवाड्याचा दवाखाना यायच्या आधीच तुम्ही गेलात. आता उत्तर सापडलंय तर ऐकायला तुम्ही नाही. नेहमीचंच झालं हे. माझं बोलणं होईस्तोवर तुम्ही कधी थांबलात?

त्या साली अमरावतीच्या एका वकीलसाहेबांनी चिखलदऱ्यावरच्या बंगल्यात मोटारखाना बांधला. त्यांना दरवाजा हवा होता तो सरळ वर उचलला जाणारा, कुठल्याशा चित्रात पाहिलेला. बाकीच्या सुतारांनी कानावर हात ठेवले. तुम्ही म्हणालात, "त्यात काय हाय? मोटीचा नाडा बैल वढते, याचा नाडा पोतं वढीन." दाराला सागवानाचा एकच रुंद पल्ला, दोन्ही अंगांनी चाकांवरून घेतलेले दोर, आणि दोरांच्या दुसऱ्या टोकाला वजनाची पोती. पोती खाली आली की पल्ला वर जाणार. त्या पोत्यांसाठी तुम्ही आपल्या घरामागची काळी माती खणून बैलांच्या दमणीत भरलीत आणि पहाडावर नेलीत. तिथला चौकीदार, कोरकू म्हातारा, पोट धरून हसला. "मिस्त्री, आमच्या पहाडात गोटे सरले का?" तुम्हाला राग आला. "गोटा चिमटीनं कमी करता येते का? माती येते. अन् आपल्या मातीत वजन हाय." नवरा गेल्यापासून मी तुमच्याकडेच होते, तुम्ही जाल तिथे चूल मांडत होते. श्रावणातल्या धुक्यात तिथे सरपणही पेट घेत नव्हतं, धुरानं डोळे चुरचुरत होते. तुम्ही पोत्यांतली माती काढत होता, घालत होता, पुन्हा काढत होता. सगळं जमल्यावर मला हाक मारलीत. "ये वं. एका बोटानं उचल." मी बोट लावलं आणि एवढा मोठा पल्ला पाखरागत वर गेला. साहेबांच्या आधी मला उचलू दिलात. लुगडं-चोळी तुम्ही कधी हौसेनं आणली नाही, पण हे दिलंत, आणि ते मी विसरले नाही.

मग पौषात निरोप आला की मोटार आत आणि दरवाजा हलत नाही. आपण वर पोचलो तेव्हा गवतावर दहिवर गोठून पांढरं झालं होतं. चौकीदार म्हणाला, "मिस्त्री, थंडी पडल्यापासून दरवाजा भारी झाला." तुम्ही खेकसलात, "दरवाजा काय जेवून राहिला, भारी व्हाले? ओंगन थिजलं." बैलगाडीच्या चाकाला लावतात तेच एरंडेलाचं ओंगन तुम्ही चाकांना आणि खाचांना चोपडलं होतं, आणि ते खरंच गोंदासारखं घट्ट झालं होतं. घमेल्यात निखारे घेऊन तुम्ही चाकं शेकलीत, खाचा शेकल्यात. ओंगन पाघळू लागलं. साहेबांचा ड्रायव्हर आणि चौकीदार यांनी मिळून पल्ला वर केला, तो राहिला, त्यांनी हात काढले. खालची खाच पुसायला तुम्ही उंबऱ्यावर वाकलात. पुढचं मला लिहायचं नाही. पल्ला तुमच्या कमरेवर आला.

पहारी घालून तुम्हाला काढलं, तेव्हा पल्ला खाचेतून सुटून तिरपा अडकून बसला. तुम्हाला खाली न्यायला पहाडावर तेवढी एकच मोटार, आणि ती त्या पल्ल्याच्या आत. ड्रायव्हर कुऱ्हाड घेऊन आला. तुम्ही अंगणातल्या घोंगडीवर, ओठ काळे पडलेले, आणि म्हणता, "फोडू नका. मी सांगतो तशी पट्टी काढा. सागवान हाय." तुम्ही सांगताय, तो ऐकतोय, आणि मी बघतेय की घोंगडी ओली होत चाललीय. मला इतका संताप आला, बाबा! मी त्याच्या हातून कुऱ्हाड हिसकली आणि घातली मधोमध. तुम्ही ओरडलात, "हात मोडले तुह्ये!" बापानं लेकीला दिलेला शेवटचा आशीर्वाद. मी फोडतच राहिले. मोटार निघाली, पण उशीर झालाच होता. घाटात तुमचा आवाज मऊ झाला आणि तुम्ही तो प्रश्न विचारलात.

पुढे मी अकोल्याला आले. एका मास्तरीणबाईंकडे स्वैपाक करता करता अक्षरं शिकले. दारात तुळस लावली, घासलेटच्या डब्यात, काळ्या मातीत. पावसाळ्यात तो डबा मला दोन्ही हातांनी सरकवावा लागायचा. यंदा बाईंच्या माहेरी राहून पौषात परत आले, तर तुळस वाळून कोळ झालेली. डबा टाकून द्यायला उचलला आणि तो एका हातात आला. मी तो खाली ठेवला आणि पुन्हा एका हातानं उचलून पाहिला. श्रावणात तुम्ही ओली माती तोलली होती, बाबा. थंडीच्या कोरड्या वाऱ्यात पोती वाळली, हलकी झाली, पल्ला मात्र होता तेवढाच राहिला. चौकीदार बरोबर बोलत होता. थिजलेलं ओंगनच तेवढं त्या पल्ल्याला वर धरून होतं, आणि ते तुम्ही शेकून सोडवलंत. पहाडात पावलोपावली गोटे पडले होते. गोटा वाळत नाही.

थंडीचं काही चुकलं नव्हतं. तुमचं चुकलं होतं. हे तोंडानं मी तुम्हाला कधीच म्हटलं नसतं, तुम्ही शंभर वर्षं जगला असता तरी. फळीवर कोळशाच्या रेघा मारून तुम्ही अख्खा जन्म काढलात, अक्षर एक येत नव्हतं. तुम्हाला वाचता येत असतं तर हा कागदही मी लिहिला नसता.