नऊ कावळ्यांची साक्ष

ता. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे मी बरी आहे. तुमचं उत्तम चाललंय हे वर्तमानपत्रातल्या सत्काराच्या फोटोवरून कळलं. भाऊजी पूर्ण दिसतात, तू मागे अर्धी.

त्यांचा निबंध काल टपालाने आला. ताई, पाच वर्षं मी या पक्षिगृहात नऊ कावळ्यांपुढे बसले. कावळ्याने जाळीतून पावाचा तुकडा द्यायचा, मी बदल्यात चीज द्यायचं. दुसऱ्या खुर्चीवरचा माणूस पाव घ्यायचा आणि चीज स्वतःच खाऊन टाकायचा. मग काही महिन्यांनी दोघांनी शेजारी बसायचं आणि बघायचं, कावळा व्यवहार कोणाशी करतो. फसवणारा चेहरा आमचे कावळे विसरत नाहीत, हे मी दाखवलं. हाच प्रश्न पुढे माकडांना, पोपटांना, कुत्र्यांना विचारायचा. कोण डूख धरतो आणि कोण नाही हे जुळवून, ही अक्कल प्राण्यांच्या वंशवृक्षात कुठे आणि किती वेळा उगवली याचा माग काढायचा, ही कल्पनाही माझीच. निबंधात मात्र खरा व्यवहार करणारा माणूस म्हणजे भाऊजी. माझं नाव कुठंच नाही. शेवटी बारीक अक्षरांत पिंजऱ्यांच्या साफसफाईबद्दल 'मदतनिसाचे' आभार आहेत.

पाच वर्षांत भाऊजी पिंजऱ्यासमोर एकदाच बसले, दोन वर्षांपूर्वी, फोटोसाठी. त्या दिवशी फसवणारा माणूस आजारी होता, म्हणून त्याची खुर्ची त्यांना दिली. नऊही कावळ्यांचा पाव घेतला त्यांनी आणि चीज हसत हसत खाल्लं.

मी त्यांना सोडणार नाही. तू त्यांची बायको, म्हणून आधी तुला सांगते. परवानगी मागत नाही.

लोभ असू दे. राग माझ्याकडे पुरेसा आहे.

तुझी,
छोटी


ता. १२ मार्च

चि. छोटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा उभ्याने, एकदा बसून. तू काही बदलली नाहीस. सातव्या वर्षी मामेभावाने तुझ्या नकाशावर शाई सांडली, तर दीड वर्ष त्याच्याशी अबोला धरलास. जेवताना मीठसुद्धा माझ्यामार्फत मागायचीस.

मी ह्यांना विचारलं. म्हणाले, बाबांच्या आजारपणात तिने पदवी अर्धवट सोडली, अशा माणसाचं नाव छापलं तर लोक हसतील. पुढच्या वेळी नक्की घालतो म्हणाले. हे 'पुढच्या वेळी' मी या घरात बऱ्याचदा ऐकलंय.

ह्यांचा निबंध पारितोषिकासाठी निवडलाय, त्याची समिती नऊ एप्रिलला तुमच्या पक्षिगृहात येणार आहे. तेव्हा डोकं ताळ्यावर ठेव. माझं ताट त्यांच्याच ताटाशेजारी वाढलेलं असतं, एवढं विसरू नकोस.

आणखी एक. त्यांनी कपाटं आवरायला काढलीत. निबंधासाठी त्यांनी घरी आणलेल्या तुझ्या रोजच्या नोंदींच्या अकरा वह्या मला रद्दीत द्यायला सांगितल्या. कालच त्या घराबाहेर गेल्या. आता त्यांचा विषय काढू नकोस.

खोकला अंगावर काढू नकोस. उत्तर पाठव, ते कडू असलं तरी.

तुझी,
ताई


ता. २० मार्च

ती. सौ. ताईस,
नमस्कार.

रद्दीत. पाच वर्षांचा एकेक दिवस त्या वह्यांत होता, प्रत्येक कावळ्याच्या प्रत्येक तुकड्यासकट. दुसऱ्या कोणी दिल्या असत्या तर त्याच्या दारात जाऊन बसले असते. तू स्वतःच्या हातांनी दिल्यास.

ठीक आहे. आता माझ्याकडे कागद नाही, पण कावळे आहेत. समितीच्या अध्यक्षबाईंना मी चार ओळींचं पत्र टाकलंय. भाऊजींबद्दल त्यात एक शब्दही वाईट नाही. एवढंच लिहिलं की निबंधात छापलेला प्रयोग आपण स्वतः बघावा, भाऊजींना खुर्चीवर बसवावं आणि पक्ष्यांना विचारावं. त्यांचं उत्तर आलं, जरूर करू.

मी ओरडणार नाही, रडणार नाही. साडी नीट नेसून उभी राहीन. त्यांची फजिती मला भरल्या पोटी, सावकाश बघायची आहे.

लोभाचं या वेळी राहू दे.

छोटी


ता. १० एप्रिल

माझ्या ताईला,
शि. सा. न., आणि या वेळी खरोखर डोकं टेकवून.

काल काय झालं ते क्रमाने सांगते. सकाळी समितीचे चौघं आले. भाऊजी नव्या कोटात. अध्यक्षबाई ठेंगण्या, पायात कापडी बूट, बोलणं मोजकं. त्यांनी तीन खुर्च्या मांडायला लावल्या. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला भाऊजी आणि मध्ये त्यांच्या गाडीचा चालक, ज्याला पक्ष्यांनी कधीच पाहिलं नव्हतं. तिघांच्याही हातात सारखंच चीज. एकेक कावळा सोडायचा आणि सगळ्यांनी गप्प राहायचं.

सात माझ्याकडे आले. 'वकील' नावाचा, जो नेहमीच अडून बसतो, तो जागचा हललाच नाही. शेवटी 'लंगडी' आली. चोचीत पाव धरून भाऊजींपर्यंत गेली आणि थांबली. त्यांनी हात पुढे केला. तिने मान वाकडी करून त्यांच्याकडे बघितलं, वळली आणि तुकडा चालकाच्या हातात ठेवला. चालक बिचारा ओशाळला.

भाऊजी म्हणाले, हिने पक्ष्यांना शिकवून ठेवलंय. अध्यक्षबाईंना हे म्हणणं रास्त वाटलं. त्या म्हणाल्या, एका सकाळच्या प्रयोगावरून मी काहीच ठरवणार नाही, रोजच्या नोंदी बघू. भाऊजींनी तोंड पाडून सांगितलं की वह्यांना वाळवी लागली.

बाईंनी पिशवीतून एक गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. अकरा वह्या. वरच्या कागदावरचा पत्ता तुझ्या अक्षरात, तुझ्या त्या लांब शेपटीच्या 'ळ'सकट. पहिली वही उघडून त्यांनी भाऊजींना विचारलं, "हे अक्षर तुमचं आहे का?"

त्यांचे कान लाल झालेले मी अगदी निवांत बघितले, ताई. खोटं कशाला सांगू, फार गोड वाटलं. निबंध मागे घेतला जाईल आणि माझ्या नावाने पुन्हा तपासून छापला जाईल असं बाई म्हणाल्या. पारितोषिक रद्द.

पण वह्या तुझ्या बारा मार्चच्या पत्राआधीच निघाल्या होत्या, मी बाईंना लिहिलं त्याच्याही आधी. आणि मी तुला काय काय लिहिलं! तू मला का नाही सांगितलंस? ते घरी आले असतील. तू ठीक आहेस ना? लगेच लिही.

तुझ्या रागाला पात्र,
छोटी


ता. १६ एप्रिल

चि. छोटीस,
अ. उ. आ.

मी ठीक आहे. तुला सांगितलं नाही कारण तुझ्या पोटात काही राहत नाही. आणि दोघी मिळून केलं असतं तर समितीने तो बहिणींचा कट ठरवला असता.

हे तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. अर्धं तुझ्यासाठी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ह्यांचं पहिलं पुस्तक आलं, आठवतं? मुंग्या वाट कशी लक्षात ठेवतात त्याचं. अंगणात उकिडवं बसून, साखरेचे दाणे हलवून, ती वाट मी शोधून काढली होती. लिहिलंही मी. वर नाव त्यांचं. आत छापलं, 'टंकलेखनासाठी पत्नीचे आभार.' मी तेव्हा हसले होते, तेही लोकांसमोर. तुझ्या निबंधात 'मदतनिसाचे आभार' वाचलं आणि ती जुनी ठसठस उठून बसली. दुसऱ्याच दिवशी गठ्ठा बांधला.

ते परवा दुपारी आले. आदळआपट केली नाही. जेवायच्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, की मेहुणीचं ते समजू शकतात, तिला राग होता. पण मी असं का केलं? मी ताट वाढलं नाही. मग त्यांनी विचारलं, "हे तुझ्या मनात कधीपासून होतं?"

मी म्हटलं, "बावीस वर्षं."

ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले, जणू घरात कोणी परकी बाई शिरली आहे. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला नीट बघितलं, छोटी. मी उठून बॅग भरायला गेले.

सोमवारच्या दुपारच्या गाडीने येते आहे. एक खाट मोकळी कर. टंकयंत्र बरोबर आणते, ते माझं आहे.

बाकी भेटीत, तोवर लोभ जपून ठेव.

तुझी,
ताई