गाडीच्या रेडिओतली टरटर

सोमवार, ४
रेडिओ परत बिघडला! गाणं रंगात आलं की टर्र-टर्र-टर्र. कोणी आत बसून दात खातंय जसं. सकाळी लॉजच्या धुतलेल्या चादरी पोचवायला निघते, तेव्हा तेवढीच सोबत. बाकी दिवसभर इस्त्रीची वाफ आणि कामाच्या पोरींची भांडणं. ठीक करणार म्हणजे करणार.

मंगळवार, ५
रेडिओवाल्याने एरियल बदललं. "ताई, आता बघा कसा खणखणीत वाजतो!" कोपऱ्यावर पोचले नाही तोच टर्र. तशीच गाडी मागे वळवली. म्हणतो, "तुमच्या भागात सिग्नलच वीक आहे." म्हटलं, गेल्या महिन्यात चांगला होता तो! का मी भाग बदलून आणला?


गुरुवार, ७
हे दाढी करायला गेले ते दुपारी उगवले. चहा दोनदा गरम केला, शेवटी ओतून दिला. "कुठे होता?" "गर्दी होती." न्हाव्याकडे खुर्च्या दोन, गर्दी कसली! जन्मभर बस चालवली ती घड्याळ लावून, आता रिटायर झाल्यावर चकाट्या पिटायला शिकलेत.
एक मात्र आहे. हल्ली गाडी मागत नाहीत. "तूच ने. तू बरी चालवतेस." हे म्हणतात! शेवटी मानलंच की नाही मला?

शनिवार, ९
मीच शोधलं!
इंजिन बंद करून बसले — तरी टर्र. म्हणजे इंजिनाचं नाही. एरियल उपटलं — तरी टर्र. म्हणजे चोर घरातच. स्टिअरिंगखाली डोकं घातलं. पाठ मोडली, चष्मा पडला. वायरींच्या मागे काळी डबी, काड्यापेटीएवढी, लाल दिवा मिचमिचवत बसलेली. ओढून काढली. रेडिओ एकदम स्वच्छ!
रेडिओवाल्याला नेऊन दाखवली. "ताई, हा ट्रॅकर. गाडी कुठे आहे ते कोणाच्या तरी फोनवर दिसतं. तो तिकडे कळवायला लागला की रेडिओत टरटर."
कोणाच्या तरी म्हणे! आमचा थोरला, दुसरं कोण? मागच्या सुट्टीत आला तेव्हा अख्खा दिवस गाडीत डोकं घालून होता. "साफ करतोय, आई." मला वाटलं, गुणाचं पोर! चाळिशी उलटल्यावर गाडी शिकले, एक ओरखडा नाही, तरी त्याची धाकधूक जात नाही. म्हणून आईवर पाळत?
डबी खिळ्यांच्या डब्यात टाकली. त्याला सांगणार नाही. बस म्हणावं फोन बघत.

रविवार, १०
काय आवाज! बाई बोलताना श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतो. गाडी कडेला घेऊन गाणं पुरतं ऐकलं. मागचा ट्रकवाला भोंगा मारत होता. मार बाबा.

सोमवार, ११
कामाच्या दोन्ही पोरी आल्या नाहीत. इस्त्री मलाच धरावी लागली, म्हणून चादरी घेऊन यांना पाठवलं. नको-नको करत होते. "अगं, त्या लॉजचा रस्ता जरा..." म्हटलं, अहो, सगळं शहर तुमच्या बसखालून गेलंय, डोळे मिटून जाल! किल्ली हातात कोंबली.

मंगळवार, १२
काल संध्याकाळपर्यंत हे आले नाहीत. लॉजवर पोचलेच नव्हते. थोरल्याला फोन लावला. "गाडी तर शनिवारपासून घरीच दिसतेय, आई! डबी काढलीस?" मग रडायलाच लागला. "बाबांनीच बसवायला लावली ती. रस्ता विसरतात गं ते. तुला सांगू नको म्हणाले."
रिक्षा करून शोधत फिरले, तेव्हा रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पेट्रोलपंपावर सापडले. तिथल्या माणसाने खुर्ची देऊन बसवून ठेवलं होतं. चादरींचं गाठोडं मांडीवर. मला बघून उठले. म्हणाले, "एकही चुरगळू दिली नाही."