ठकीची झोप

४ ऑक्टोबर

आज थोडक्यात निभावलं! ठकी बाळाला खांद्यावर घेऊन स्वयंपाकघरातून येत होती आणि चालता चालता तिचा डोळा लागला. उभ्या उभ्या! धाडकन दाराच्या चौकटीवर. बाळाचं डोकं आणि चौकट यांच्यात दोन बोटांचं अंतर राहिलं असेल. मी समोरच होतो, दोघांना धरलं.  

"बाबा, ह्यांना सांगू नका हं."

सांगितलं. जावईबापू घरात पाऊल टाकतात तोच सांगितलं. लेक रुसली तर रुसू दे.

५ ऑक्टोबर

तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई स्पष्ट बोलल्या. आधी झोप. रात्री बाळ झोपू देणार नाही, तेव्हा दिवसा झोपा, पण सलग तीन-चार तास. दोन आठवडे बघू. नाही जमलं तर गोळ्या, आणि ह्या गोळ्या चालू झाल्या की अंगावरचं दूध बंद.

ठकीचं तोंड एवढंसं झालं.  शाळेत चाळीस पोरांना भूगोल शिकवणारी बाई, आणि साडेचार किलोच्या पोरापुढे हात टेकलेत.

मी इथे महिन्याभरासाठी आलोय. तिची आई असती तर तीच आली असती आणि मला कुलपाबरोबर घरी ठेवलं असतं. ती नाही, म्हणून मी बदली कामगार. बदली कामगाराला निदान काम तरी यायला हवं!

६ ऑक्टोबर

खरं दुखणं आज कळलं. बाळ झोपलं तरी ही झोपत नाही. तिला रडणं ऐकू येतं. सकाळी दहाला बघतो तर पाळण्यापाशी उभी. "बाबा, रडतोय ना तो?" मी वाकून बघितलं. तोंड मिटलेलं, भुवया जागेवर, मुठी सैल. "नाही गं, गाढ झोपलाय." तेव्हा जाऊन टेकली. दहा मिनिटांत परत हजर.

साक्षीदार पण काय निवडलाय पोरीने!

हे पान कोणी वाचत नाही, म्हणून लिहितो. मला बाळाचं रडणं ऐकू येत नाही. पस्तीस वर्षं पंपहाऊसमध्ये काढली, पाण्याच्या चार मोटारींच्या मधोमध. जाड आवाज कळतात, समोर बसून कोणी बोललं तर ओठ बघून जुळवतो. बारीक आवाज गेले ते गेलेच. दाराची बेल, कुकरची शिट्टी, फोन. कानाच्या डॉक्टरने दोन वर्षांपूर्वी कागदावर डोंगरउतारासारखी रेघ काढून दाखवली होती. यंत्र लावा म्हणाला. म्हटलं, आयुष्यभर यंत्रं सांभाळली, आता कानात आणखी एक नको. कागद ट्रंकेत आहे. कोणाला बोललो नाही.

नातू दोन महिन्यांचा झाला. सगळे म्हणतात, काय खणखणीत आवाज आहे! मी मान डोलावतो.

७ ऑक्टोबर

जावईबापू इअरबड घेऊन आले. बिनतारी. साबणाच्या वडीएवढी डबी, आत दोन पांढरी बोंडं. कानात घालायची, फोनवर आवाज निवडायचा. पाऊस, लाटा, झरा, जंगल, आगगाडी. ऐकता ऐकता माणूस झोपतो म्हणे. शिवाय समोरच्या इमारतीत चाललेली तोडफोडही कानावर येणार नाही. (तिथे तोडफोड चालू आहे हे मला आजच कळलं.)

जावईबापू दात बनवतात. लोकांच्या कवळ्या. दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यांत असल्यामुळे असेल, स्वतःचं तोंड फारसं उघडत नाहीत. पण रात्री जेवताना बायकोच्या ताटाकडे बघत होते, किती खाल्लं ते. माणूस सोन्यासारखा आहे.

ठकी म्हणाली, "आधी तुम्ही ऐकून बघा, बाबा." झरा लावला. आवाज पार वर नेल्यावर जरा खळखळ कळली. आणि मी ताडकन उठून नळ बघायला निघालो! खोटं नाही. खळखळ म्हणजे गळती. पस्तीस वर्षांची खोड, पाणी वाजलं की हात व्हॉल्व्ह शोधतो. ठकी हसली. पोट धरून. कितीतरी दिवसांनी.

८ ऑक्टोबर

बोंडं कानात जायला तयार नाहीत. म्हणजे बोंडं तयार आहेत, ठकी नाही. "मला बाहेरचं काही ऐकूच आलं नाही तर?" अगं बाई, त्यासाठीच तर आणलीत! तासभर समजावलं. शेवटी म्हणाली —

"तुमचे कान उघडे असतील, तरच मी माझे बंद करीन."

काय बोलणार होतो? सांगितलं असतं तर बोंडं डबीत, डबी कपाटात, आणि पोरगी पुन्हा पाळण्यापाशी. जावईबापूंना सुट्टी नाही. मग गोळ्या. म्हणून म्हणालो, "पस्तीस वर्षं ड्यूटी केली, ठके. एकदाही टाकी ओसंडू दिली नाही."

खरं आहे ते. पण तिने ते विचारलंच नव्हतं.

९ ऑक्टोबर

पहिली ड्यूटी. अकरा ते दोन. ती आतल्या खोलीत दार लोटून, बोंडं घालून. बाहेर मी, पाळणा आणि खिडकीत पडलेला एक बिघडका जुना फोन. तो पुसून ठेवला.

कान गेले तरी तळहात शाबूत आहे. पंपावर नवीन पोरं कान लावून बसायची, मी नुसता हात ठेवायचो. बेअरिंग जाणार असेल तर आवाज व्हायच्या आधी हाताला कळतं. इथेही तसंच. डावा हात बाळाच्या पोटावर, तोंडाने त्याच्याशी काहीबाही पुटपुटणं चालू. रडायच्या आधी पोट कडक होतं, पाय वर येतात, एक झटका बसतो. तेवढ्यात उचलायचं. रडू फुटायच्या आतच खांद्यावर! आज तिन्ही वेळा पकडलं.

हात हलवायचा नाही, म्हणजे उठायचं नाही. लघवीला सुद्धा नाही. सकाळचा दुसरा चहा बंद.

ठकी चाळीस मिनिटं झोपली.

१० ऑक्टोबर

एक तास दहा मिनिटं! 

१२ ऑक्टोबर

बाळासाठी लॉगबुक सुरू केलं. रेघा मारून, रकाने आखून, पंपहाऊससारखं. ठकी उठली की आधी ते वाचते. आजची नोंद:

११.२० दूध, बाटलीतून (आईचंच काढून ठेवलेलं).
११.३५ ढेकर. समाधानकारक.
१२.०५ गळती. लंगोट बदलला.
१२.१० पुन्हा गळती. ह्या वेळी कर्मचाऱ्याच्या अंगावर.
१.०० तपासणीसाठी साहेब जागे. कर्मचाऱ्याच्या मिशा तपासल्या.

बाळाचं नाव मी बारके साहेब ठेवलंय. आमचे मोठे साहेब असेच यायचे. कपाळाला आठ्या, बोलणं काही नाही, सगळीकडे बघायचं आणि ओलं करून जायचं. म्हणजे मोठे साहेब ओलं करत नसत, पण आम्हाला घाम फुटायचा.

ठकी दोन तास पाच मिनिटं. उठून म्हणाली, "लाटा चांगल्या आहेत हो, बाबा." गालाला उशीची घडी उमटली होती. लहानपणी उमटायची तशीच.

१४ ऑक्टोबर

एकाच जागी बसून मलाच पेंग येते. त्यावर उपाय काढला. बारके साहेबांना बरोबर घेऊन पंपहाऊसचा राउंड मारायचा. खुर्चीतल्या खुर्चीत, कुजबुजत. "हा बघा साहेब, एक नंबर. जरा कुरकुरा आहे, पण मनाचा चांगला. दोन नंबरला ग्रीस लागणार. इथे पाय जपून ठेवा." व्हॉल्व्ह मोजतो, टाकीवर चढवतो, वरून गाव दाखवतो. तिची आई डबा घेऊन यायची तो रस्ताही दाखवतो. साहेब डोळे विस्फारून बघतात. मध्येच एखादी जांभई.

असं कोणाशी बोलून किती वर्षं झाली!

ठकी दोन तास पन्नास.

१६ ऑक्टोबर

ठकी बाळाला घेऊन खाली गेली असताना शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या, झबली घेऊन. दार उघडलं तेव्हा बाईंचा चेहरा लाल. मला दार धपधपलेलं जमिनीतून कळलं तेव्हा उठलो होतो.

"आजोबा, दहा मिनिटं बेल वाजवतेय मी."

"मोरीत होतो."

बाईंनी पाळण्याशेजारची खुर्ची बघितली. खुर्चीवरचं दुपटं, टेकायची उशी, अर्धवट पुसलेला चष्मा बघितला. मग वर बघितलं. बेल नेमकी त्या खुर्चीच्या डोक्यावर आहे.

मग हळू, तोंड माझ्याकडे करून म्हणाल्या, "माझे वडीलही असेच लपवायचे. लेकीला सांगून टाका."

भोचक बाई! झबली मात्र सुरेख शिवलीत.

१९ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई खूश. गोळ्या नकोत. "कोणी सांभाळलं हो बाळाला?" तर ठकीने माझा दंड धरला आणि म्हणाली, "आमचे बाबा." बाईंनी मला चक्क नमस्कार केला.

घरी येऊन जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

२१ ऑक्टोबर

व्हायचं ते झालं.

दुपारी एकच्या सुमारास मला झोप लागली. राउंड चार नंबरपर्यंत आला होता एवढं आठवतं. जाग आली ती पाळणा हादरत होता म्हणून. हात पोटावरून घसरून पाळण्याच्या कडेला आला होता. बाळ लालबुंद, तोंड उघडं, जीभ थरथरतेय, गालांवर पाणी. कधीपासून? एक मिनिट? अर्धा तास? घड्याळ बघून काय कळणार, झोप कधी लागली तेच माहीत नाही.

उचलून छातीशी धरलं. सगळं अंग हुंदक्यांनी हलत होतं. मला काहीही ऐकू येत नव्हतं.

दार लोटलेलंच होतं. आई आत कान बंद करून, आजा बाहेर कान बंद करून, आणि मध्ये पोर किंचाळतंय! मी माझ्या लेकीला फसवलं. दुसरा शब्द नाही. अंगाखाली काही आलं असतं, दूध वर येऊन अडकलं असतं, तर?

लॉगबुकात लिहिलं, "१.१५ साहेब किंचित नाराज." लिहून खोडलं. रकाना कोरा ठेवला. पस्तीस वर्षांत पहिला कोरा रकाना.

२२ ऑक्टोबर

सांगणार होतो. सकाळी ती केस धुऊन बाल्कनीत उभी होती, काहीतरी गुणगुणत असावी, ओठ हलत होते. रंग परत आलाय चेहऱ्यावर. जीभच रेटली नाही.

आज ड्यूटीवर उभाच राहिलो. तीन तास. पाय सुजलेत. राउंड मात्र पूर्ण केला, साहेब ऐकल्याशिवाय झोपत नाहीत.

२३ ऑक्टोबर

उद्या. नक्की. बॅग भरून ठेवली आहे. ऐकल्यावर ती काही बोलणार नाही, तिच्या आईसारखी नुसती बघेल, आणि ते मला सोसणार नाही. बाळ सांभाळायला बाई ठेवा म्हणावं. चांगले कान असलेली कोणीही ठेवा.

ह्या पोरीला मी सायकलवर पुढे बसवून पंपहाऊसला न्यायचो. मोटारींच्या गोंगाटात भिंतीपाशी पोत्यावर झोपायची, खुशाल. तिला सोडून जायचं माझ्या जिवावर आलंय.

२४ ऑक्टोबर

सांगितलं. लॉगबुक पुढे ठेवून, कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून, सगळं.

ती म्हणाली, "माहीत आहे, बाबा. तुम्ही आलात त्याच दिवशी कळलं. कान उघडे ठेवायचं म्हटलं, तेव्हा तुम्हीच सांगाल असं वाटलं होतं."

मग म्हणाली, लाटा आणि झरा पहिल्याच दिवशी बंद केले, त्याने झोप येईना. खिडकीतला जुना फोन (मी तो बिघडलेला समजून रोज पुसून ठेवतो!) इथला आवाज तिच्या कानात पोचवतो. "तुम्ही बोलत असता तोवर मी झोपते. तुम्ही थांबलात की जागी होते. त्या दिवशीही झाले. मी दाराआडच होते, बाबा. मिनिटभरही रडला नाही तो. तुम्ही घेतलंत त्याला, मग मी परत जाऊन झोपले."

तिने एक बोंड माझ्या कानात घातलं, आवाज पार वर नेला. फोनने कालचं साठवून ठेवलेलं. कोणी तरी म्हातारा घोगऱ्या आवाजात, केवढ्याने ओरडून सांगत होता — "हा बघा साहेब, एक नंबर. जरा कुरकुरा आहे, पण मनाचा चांगला."

मी रडलो. मोठ्याने रडलो असणार, कारण बारके साहेब जागे झाले.