ताई कामात आहे

मंगळवार, ९ मार्च

प्रिय ताई,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी अजून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचतात का? इथं सगळं ठीक. खिडकीतल्या कुंडीला तीन कळ्या आल्यात.

गेल्या आठवड्यात मात्र मी बोलणी खाल्ली. दवाखान्यातल्या मुलीनं माझ्या छातीवर जांभळ्या शाईच्या रेघा काढल्या होत्या. "धुऊ नका हं, काकू," असं बजावलंही होतं. पण अंगावर शाई म्हणजे गलिच्छपणा, हे कॉन्व्हेंट शाळेतल्या मदरनी आपल्या हाडीमाशी मुरवलेलं. आंघोळीत हात आपोआप चालला. मुलीनं कपाळावर हात मारला. "फळाच पुसलात की काकू. आता पहिल्यापासून गणित." पुन्हा स्कॅन, पुन्हा मापं, पुन्हा रेघा.

तू विचारशीलच, रेघा कसल्या. डाव्या फुप्फुसात कर्करोगाची गाठ होती. जानेवारीत ऑपरेशन करून तेवढा भाग काढला. कडेला काही उरलं असेल तर, म्हणून आता किरणं द्यायची, सहा आठवडे. कुठे द्यायची ते रेघांवरून कळतं.

किरणं देताना सगळे बाहेर जातात, जाड दार लागतं. भिंतीतून आवाज येतो, "श्वास घ्या. धरा." मशीन माझ्याभोवती हळूहळू फिरतं आणि मी लहानपणीच्या आपल्या तळ्यात बुडी मारून असते. हिरवं पाणी, कान बंद, वर काठावरून तुझे आकडे लांबून ऐकू येतात. मी बुडेन या भीतीनं तू भरभर मोजायचीस. "सोडा" म्हणतात, तेव्हा वर यावंसंच वाटत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तुला फोन लावला आणि घंटी वाजायच्या आत ठेवला. ताईला कशाला त्रास, असं म्हटलं. सहा वर्षांपूर्वी आईच्या दुखण्यातही हेच म्हणत तुला कळवायचं टाळत राहिले. तू पोचलीस तेव्हा तिची वाचा गेली होती. तू मला काही बोलली नाहीस, फक्त बोलणं सोडलंस.

एक गोष्ट तुला माहीत नाही. आईनं दोनदा विचारलं होतं, "थोरली कुठाय?" मी म्हणाले, ताई कामात आहे. ती "बरं" म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

डॉक्टर आशा देतात, शब्द देत नाहीत. दम लागतो, पण ऐकून घेण्याइतकं बळ आहे. ये आणि सहा वर्षांचं सगळं मला तोंडावर बोल. दुपारी बारानंतर मी घरीच असते.

तुझी, अजून म्हणू देशील तर,
धाकटी