धैर्यशीलच्या गोळ्या

पुणे, मंगळवार

दादा,

नमस्कार लिहायला हात धजत नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

आबांचा ताप उतरलाय. पाय वाचेल म्हणतात डॉक्टर; अंगठ्याचं अजून काही बोलत नाहीत. आईला पहिलं तेवढंच सांग.

पायाच्या जखमेतल्या पुवातले जंतू मीच आमच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तपासायला वाढवले. जंतू पसरलेल्या बशीवर वेगवेगळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. औषध लागू पडलं, तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल उमटतो. तू दिलेल्या तिन्ही गोळ्यांच्या चकत्यांना जंतू खेटून वाढले होते. दोन दिवस ही गोळी, तीन दिवस ती. तू आबांना बरं करत नव्हतास, जंतूंना तालीम देत होतास. वडूजात मेडिकलच्या काउंटरमागं बसून लोकांकडून डॉक्टर म्हणवून घेताना लाज कशी वाटत नाही रे?

चौथ्या चकतीभोवती गोल आला. तेच इंजेक्शन चालू आहे.

आईचा खोकला कसा आहे? तिला तू काही देऊ नकोस.

काल आबा सलाइनकडं बघत म्हणाले, "धैर्यशीलच्या गोळीनंच गुण आला बग."

खरं काय ते तूच येऊन सांग त्यांना.

तुझीच बहीण,
संयोगिता